गुंता टोकाकडून सोडवायचा

ये, बस अशी माझ्यापुढे. पाठ माझ्याकडे कर आणि मोबाइल ठेव बाजूला. आई आणि वहिनी हळद शिजवायला शेतात गेल्यात, दुपारपर्यंत अंगणात आपण दोघीच आहोत. आज तुझे केस मी सोडवणार, धुणार, वाळवणार. तेवढ्या वेळात जे बोलायचं राहिलंय ते बोलून घेते.

काल रात्री तू फोनवर पार्लरची गुरुवारची वेळ घेतलीस, ते माझ्या कानावर आलं. स्मूदनिंग करायचं म्हणत होतीस. मला राग नाही आला गं, वाईट वाटलं. साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांतली एक बाई बोलून गेली, "पोरगी छान आहे, केस तेवढे सरळ असते तर." तू तिथं हसलीस. मग स्वयंपाकघरात येऊन नळाखाली हात ओले केलेस आणि कानावरचे केस चापून बसवत राहिलीस. मी दारातच उभी होते. त्या एका वाक्यापायी तू साठवलेले पैसे मोडायला निघालीस, हे मला कळत होतं.

माय, हे मी करून बसलेय. नऊ वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाच्या आठ दिवस आधी, नांदेडच्या एका पार्लरात मी रीबाँडिंग करून घेतलं. अख्खा दिवस खुर्चीत गेला. क्रीमच्या वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मी हूं की चूं केलं नाही. लग्नाच्या फोटोत माझे केस काचेसारखे दिसतात, तू पाहिलेतच. पुढचं तू पाहिलेलं नाहीस. तीन-चार महिन्यांनी मुळाशी दोन बोटं कुरळे केस आले आणि खाली सगळे सरळ. नवे आणि जुने जिथं भेटत होते, तिथंच केस तुटायला लागले. सकाळी अंथरूण झाडलं की उशीवर वीतभर लांबीचे तुकडे असायचे. दोन वर्षं मी डोक्यावरून पदर खाली येऊ दिला नाही. शेवटी खांद्यापर्यंत कापले आणि पुन्हा पहिल्यापासून वाढवले. त्या वेळी मला कुणी जवळ बसवून सांगितलं असतं, तर कदाचित मी ऐकलंही असतं. म्हणून तुला सांगतेय.

केस कुरळा होतो तो त्वचेच्या आत. ज्या खोबणीतून तो उगवतो तिचा आकार जसा, तसा केस. सरळ केसाची खोबण गोल आणि सरळ, आपली चपटी आणि वळलेली. ही खोबण आपल्याला आजीकडून आली, तिला तिच्या आईकडून. केसात केराटिन नावाचं प्रथिन असतं, नखात असतं तेच. त्याच्या दोऱ्या गंधकाच्या सांध्यांनी एकमेकींना धरून असतात. रीबाँडिंगचं क्रीम हे सांधे तोडतं, मग तापलेल्या इस्त्रीनं केस सरळ दाबतात आणि दुसऱ्या औषधानं सांधे सरळ आकारात पुन्हा जोडतात. सगळे काही जुळत नाहीत. आणि खोबणीला यातलं काहीच कळत नाही, ती दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कुरळाच केस बाहेर सोडते.

तू म्हणशील, रीबाँडिंग वेगळं आणि स्मूदनिंग, केराटिन वेगळं. काही ठिकाणी नाव बदलतं, क्रीम तेच असतं. काही मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडचा वायू निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच हे रसायन माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय. काहींत त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका मुलीची हकिकत छापली. तिनं अशा क्रीमनं तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. प्रत्येकीला असं होतं असं मी म्हणत नाही. पण गुरुवारी जायचंच असेल, तर बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून, विचारून जा.

आता मान जरा खाली. हा कंगवा बघ, लाकडी, मोठ्या दातांचा. गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानातून आणलाय. आपण नांदेडच्या इतके जवळ राहतो, पण केस कसे राखायचे हे मला तिथल्या माझ्या शीख मैत्रिणीकडं पाहून कळलं. गुरू गोविंदसिंगजींनी १६९९ मध्ये खालसा पंथ स्थापन केला आणि १७०८ मध्ये नांदेडलाच देह ठेवला. खालशाच्या पाच ककारांत केस आहेत आणि त्यांच्या जोडीला कंगाही आहे. केस नुसते वाढवायचे नाहीत, ते रोज सोडवून नीट ठेवायचे. मैत्रिणीची आई सकाळ-संध्याकाळ तिचे केस विंचरायची तेव्हा घरात घाई कसली म्हणून नसायची. तिच्या हाताकडं बघत राहावं असा तो हात होता.

आपले केस मात्र कोरडे असताना विंचरायचे नाहीत. कुरळा केस प्रत्येक वळणावर नाजूक असतो, कोरडा ओढला की तिथंच तुटतो. आधी तेल लावायचं किंवा ओल्या केसांना कंडिशनर, मग बोटांनी मोकळे करायचे, मग कंगवा. आणि सुरुवात खालून. ही बघ, ही गाठ. वरून ओढली तर खालच्या दहा गाठी आणखी घट्ट होतात. शेवटची दोन बोटं आधी सोडवायची, मग त्याच्या वरची दोन, असं करत मुळापर्यंत जायचं. बट वरून मुठीत घट्ट धरायची, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. आजी म्हणायची, गुंता टोकाकडून सोडवायचा. ती केसांबद्दलच बोलत होती, पण सासरी गेल्यावर मला ते वाक्य बाकीच्या गोष्टींतही कामाला आलं.

कुरळे केस सोडवायचे राहिले की काय होतं हेही ऐकून ठेव. तेल, धूळ आणि न धुतलेला गुंता यांचा गोळा होतो, त्याची जट होते. गावोगावी त्याला देवीची जट म्हणतात, कापली तर कोप होईल म्हणून बाया वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवतात. मानदुखी, उवा, वास, सगळं सोसतात. पुण्याच्या नंदिनी जाधव मूळच्या पार्लर चालवणाऱ्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात पडल्या आणि गावोगाव जाऊन, बायकांची समजूत घालून त्यांनी शेकडो जणींना जटेतून सोडवलं. कापण्याआधी त्या तासन् तास नुसत्या बोलतात. पार्लरची कात्री अशाही कामाला येते, हे लक्षात ठेव. आणि उद्या कुणी तुझ्या लेकीच्या गुंत्याला देवीचं नाव दिलं, तर तू तेलाची वाटी आणि कंगवा घेऊन बस.

आता माझ्या तळहातावर बघ. हे दोन केस तुझ्याच डोक्यातून निघाले. हा लांब, याच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका आहे. हा मुळासकट गळला, याची वेळ भरली होती. हा दुसरा आखूड, याला ठिपका नाही. हा मधूनच तुटला. दोन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. कंगव्यात केस दिसले की घाबरून तेल बदलू नकोस, आधी ठिपका बघ.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले दहात नऊ वाढत असतात, बाकीचे विश्रांती घेऊन गळायच्या तयारीत असतात. रोज ५० ते १०० गळणं हे नेहमीचंच. तू आठवड्यातून एकदा केस सोडवतेस, म्हणजे आठवड्याचे सगळे एकदम हातात येतात. चांगली मूठ भरते. त्या मुठीला बघून तू मागच्या महिन्यात रडलीस, पण तो आठवड्याचा हिशोब होता.

आणि वाढ? केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. सरळ असो, कुरळा असो, वेग थोडाफार इकडं-तिकडं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो आणि मग गळतो. हा वेग दुप्पट करणारं तेल कुठल्याच दुकानात नाही. तुझे केस तीन वर्षं खांद्यावरच अडकलेत असं तुला वाटतं, पण ते वाढतायत, खाली टोकाला तेवढेच तुटतायत. म्हणून वाढीच्या मागं धावू नकोस. तुटणं थांबव, लांबी आपोआप दिसेल.

आता तेल. आजीनं करडईचं लावलं, आई खोबरेल लावते. मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये एक अभ्यास छापला होता. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारं प्रथिन वाचवतं, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल तसं करत नाही, असं त्यात दिसलं. ते दोघं खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीतच काम करायचे, हेही सांगते, पण खोबरेलाचा हा गुण पुढं इतरांनीही मानला. त्यामुळं न्हाण्याआधी तासभर, मधल्या लांबीला आणि टोकांना थोडं खोबरेल लाव. आपल्या डोक्यातलं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत खाली जातं, कुरळ्यावर ते वळणावळणांत अडतं, म्हणून आपली टोकं कायम तहानलेली. मुळाशी हलक्या बोटांनी चोळ, नखं लावू नकोस. आणि कोंडा असेल तेव्हा रात्रभर तेल ठेवू नकोस. कोंड्याशी संबंधित बुरशी त्वचेवरच्या तेलावरच जगते, तिला आपण जेवण वाढून ठेवतो.

कांद्याचा रस? बगदादच्या डॉक्टरांचा २००२ मधला एक छोटा अभ्यास आहे, पण तो चाई पडलेल्या लोकांवरचा. साध्या गळतीला त्याचा आधार घेऊन डोळे झोंबवून घेऊ नकोस. आणि व्हिडिओत दाखवतात तो केळ्याचा लेपही नको. अर्धापूरची केळी लांब लांब जातात, आपल्या घरात त्यांना तोटा नाही, पण कुस्करलेल्या केळ्याचे कण आपल्या केसांतून निघता निघत नाहीत. मी एकदा दीड तास वेचत बसले होते. केळं तू खा. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस मात्र चालेल. त्यानं केस वाढत नाहीत, पण गुंता सुटायला मदत होते.

चल, न्हाणीत. ही बादली बघ, काठावर पांढरा थर आहे ना? तो बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. हेच क्षार केसांवर बसतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की चिकट मळी तयार होते, म्हणून वडीनं डोकं धुतलं की केस धुऊनही मेणचट लागतात. शिकेकाई, रिठ्यात वेगळा फेस असतो, त्याची अशी मळी होत नाही. आजीनं आयुष्यभर शिकेकाई का वापरली, ते मला फार उशिरा कळलं. ती शिकेकाई, आवळकाठी, थोडा रिठा रात्री लोखंडी कढईत भिजत घालायची, सकाळी उकळून गाळायची. गाळायची हे महत्त्वाचं. कोरडी पूड थेट डोक्यावर टाकली तर कण कुरळ्यांत अडकतात आणि केस रखरखीत होतात.

रोज कुणाला इतका वेळ आहे? शाम्पू चालेल. मगभर पाण्यात चमचाभर सौम्य शाम्पू घोळ आणि फक्त मुळांशी लाव. खालच्या केसांना वाहून जाणारा फेस पुरतो. मग कंडिशनर मधल्या लांबीपासून टोकापर्यंत, सढळ हातानं, पाच मिनिटं. त्यातच पुन्हा एकदा बोटांनी सोडव. पाणी कोमट, कढत नको. आणि पंधरा दिवसांतून एकदा तांब्याभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून ते केसांवरून सोड, मग साध्या पाण्यानं धुऊन टाक. आंबटानं क्षारांचा थर सुटतो. पावसाळ्यात पागोळ्यांखाली बादली लावतेस ना? ते पाणी शेवटी केस खळबळायला ठेव, केसांना मऊपणा येतो तो लगेच हाताला कळतो.

आठवड्यातून एक-दोनदा धुणं आपल्याला पुरे. पण हळदीच्या दिवसांत नियम बदल. हळद पॉलिश करायच्या ड्रमजवळ उभं राहिलं की पिवळी धूळ सगळीकडं बसते. डोक्याला सुती रुमाल घट्ट न आवळता बांध, आणि संध्याकाळी डोकं नुसत्या पाण्यानं खळबळून घे.

आता जवस. त्याचा चिक केसांना लावायला आमच्या पिढीला परदेशातल्या कुरळ्या केसांच्या मुलींनी शिकवलं, पण जवस तर आपल्या घरात चटणीसाठी कायमच. मी सकाळीच करून ठेवलंय, बघ. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी तार यायला लागली की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच पातळ ओढणीतून गाळायचं. गार झालं की तो चिक कापडातून हलत नाही, पहिल्यांदा मी तिथंच फसले होते. बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो, वास बदलला की टाकून दे. केस पाणी टपटपत असतानाच ओंजळभर चिक लावायचा, मग डोकं खाली करून केस मुठीत धरायचे आणि वर दाबायचे. आवाज आला? चुर्र असा? तो यायलाच पाहिजे. वळणं आपापल्या जागी बसतायत.

टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस. हा आजोबांचा जुना पंचा घे, धुऊन धुऊन मऊ झालेला. नुसतं टिपायचं. आता उन्हाकडं पाठ करून सावलीत बस, आणि वाळेपर्यंत केसांना हात लावायचा नाही. कडक झाल्यासारखे वाटतील, वाळल्यावर मुठीत हलके चुरले की मऊ होतील. रात्री झोपताना सैल वेणी घाल, आणि आईच्या जुन्या सिल्कच्या साडीचा अभ्रा मी शिवून आणलाय तो उशीला घाल. सुती अभ्र्यावर रात्रभर घासून आपले केस तुटतात.

केस वाळायला तास जाईल. तोवर ही फुटाण्यांची वाटी घे, आणि जे खरं सांगायचंय ते ऐक.

तू गेले पंधरा दिवस रात्री जेवत नाहीस. लग्नाआधी बारीक व्हायचंय म्हणून. केसाचं आणि पोटाचं नातं असं आहे, की पोटाची उपासमार झाली की शरीर आधी केसांचं रेशन तोडतं. पण हे लगेच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळायला लागतात. आत्ता फाल्गुन चाललाय, लग्न वैशाखात. हिशोब कर. आज उपाशी राहशील, तर हळदीच्या पाटावर बसशील तेव्हा मुठीनं केस जातील. मोठा ताप, टायफॉइड, बाळंतपण, सगळ्यांचं हेच. वहिनीचे केस बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर गळाले तेव्हा आजी म्हणाली होती, बाळ आईला ओळखायला लागलं की केस जातात. कारण काहीही सांगितलं तरी तिचा महिन्यांचा हिशोब बरोबर होता. आणि ते केस पुन्हा आलेही.

केसांचं किती आतून असतं, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांना तीन-चार दिवसांत टक्कल पडायला लागलं. बाया, पोरं, म्हातारे, सगळ्यांना. आधी पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला. मग डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथलं धान्य आणि रुग्णांचे नमुने तपासून घेतले. त्यांच्या तपासणीत रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आढळलं आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी. सेलेनियम थोडं असावंच लागतं, पण जास्त झालं की तेच केस घालवतं. बऱ्याच जणांचे केस पुढं परत उगवले. मी हे का सांगतेय? केसांच्या म्हणून विकतात त्या गोळ्या तू मागवल्यास, त्यांचं पाकीट मी पाहिलं. कमी पडलं तर केस जातात तसं जास्त झालं तरी जातात. आणि त्यात बायोटिन असेल तर रक्ताची तपासणी करताना डॉक्टरांना आधी सांग, थायरॉइडचा आकडा चुकीचा येऊ शकतो.

गोळीआधी ताट बघ. केस प्रथिनाचा असतो, म्हणून रोज तुरीचं घट्ट वरण, मोडाची मटकी, अंडं, दही, फुटाणे-गूळ. लोह हवं, म्हणून भाकरीबरोबर करडईची, शेवग्याच्या पाल्याची भाजी, कारळाची चटणी, आणि वरून लिंबू. लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतलास तर तेच लोह वाया जातं, तासभर थांब. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे आपल्या ओट्यावर बसणाऱ्या दर दोघींपैकी एकीच्या. ती तू आहेस की मी, हे डोळ्यांनी कळत नाही. या आठवड्यात दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घे. मी येते बरोबर. पार्लरच्या गुरुवारच्या वेळेतच जाऊन येऊ.

काही गोष्टींत घरचे उपाय करत बसायचं नाही. नाण्याएवढी गोल चाई पडली, भांग दिवसेंदिवस रुंद होत गेला, डोक्यात पू, खवले किंवा खूप खाज आली, किंवा पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस आले, तर त्वचेच्या डॉक्टरांकडं जायचं. लवकर गेलं की बरंच वाचवता येतं. आणि कपाळाच्या कडेला हे बघ, इथं केस विरळ झालेत. ही तुझ्या घट्ट पोनीटेलची करणी. शाळेत दोन वेण्या लाल रिबिनीनं किती आवळून बांधायचो आपण! रोज तीच ओढ तिथंच बसली तर मूळ कायमचं मरतं. बांधणं सैल कर, भांगाची जागा बदलत जा.

राहिलं लग्न. तुला वाटतं कुरळ्यांचा आंबाडा बसणार नाही. उलटं आहे गं. सरळ केसांवरून पिना घसरतात, आपले केस पिना धरून ठेवतात, गजरा संध्याकाळपर्यंत हलत नाही. कपाळाशी दोन बटा मोकळ्या सोडल्या की मुंडावळ्यांच्या मोत्यांशेजारी किती सुंदर दिसतात, ते आजीच्या फोटोत बघ. तिला कुणी सांगितलं नव्हतं की हे केस चुकीचे आहेत. रिसेप्शनला एक संध्याकाळ सरळच हवे वाटले, तर आधी उष्णतेपासून वाचवणारं क्रीम लावून कमी तापमानावर ब्लो ड्राय कर. दुसऱ्या दिवशी डोकं धुतलं की तुझे केस तुला परत. असं परत येता येईल तेच कर.

आणि ती बाई. तिचं बोलणं तिच्याजवळ राहू दे. तुझ्या होणाऱ्या नवऱ्यानं तुला पाहिलं तेव्हा तू हळदीच्या ढिगाजवळ उभी होतीस, रुमालातून केस बाहेर आलेले, आणि त्यानं होकार दिला. एवढं ऐकूनही गुरुवारी पार्लरला जायचं ठरवलंस, तरी मी तुझी ताईच आहे. केस तुझे, निर्णय तुझा. फक्त तो त्या बाईच्या वाक्यावर घेऊ नकोस.

वाळले बघ. आता मुठीत धरून हलकेच चुर. हा आरसा घे. बघ, मघाशी पिंजलेला कापूस होता, आता प्रत्येक बट वेगळी मोजता येते. हसतेस काय, नीट बघ.

उठायच्या आधी एक काम. ही मागची बट मी ओढून सरळ करते, टोक ब्लाऊजच्या दुसऱ्या हुकाशी येतंय. कॅलेंडरवर आजच्या तारखेला लिहून ठेव, दुसरं हूक. दसऱ्याला सोनं द्यायला सासरहून येशील तेव्हा याच अंगणात पुन्हा मोजू. सात महिने, म्हणजे चांगली चार बोटं. तेवढी लांबी तुझी तूच उगवणार आहेस. ती तुटू द्यायची नाही, एवढंच आपलं काम.

आण तो पेन.